पहिला लॉकपिक संच कोणता घ्यावा?

शेवंती (नाशिक)

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या आधी माळा आवरताना आजोबांची लोखंडी ट्रंक खाली काढली. कुलूप शाबूत, किल्ली कुठेच नाही. आई म्हणाली, तोडून टाक. मला तोडवेना. आजोबा दर दसऱ्याला त्या कुलपात शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडायचे, ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. शेवटी रविवार कारंजाच्या बाजूला बसणाऱ्या एका चावीवाल्या चाचांना घरी घेऊन आले.

चाचांनी एक कोरी चावी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काळी केली, कुलपात घातली, हलकेच पिळली आणि बाहेर काढून उजेडात तिरकी धरली. जिथे काजळी पुसली गेली होती, नेमकं तिथेच कानशीचे दोन हात मारले. परत काळी केली, परत आत घातली. वीस-पंचवीस वेळा तरी हे झालं असेल. पाऊण तासाने कडी वर आली. ट्रंकेत जुन्या पावत्या आणि आजीचं एक नऊवारी लुगडं होतं, पण माझं लक्ष त्या कानशीवरून हटत नव्हतं. आत न बघता त्या माणसाला आतलं सगळं कळत होतं.

त्यानंतर वाचत गेले. जगभर लोक छंद म्हणून स्वतःची कुलपं किल्लीशिवाय उघडतात, त्यासाठी बारीक आकड्या मिळतात, हे समजलं. मलाही शिकायचं आहे. यंत्रांशी माझा काही संबंध नाही, शिक्षण वाणिज्य शाखेचं. क्रोशाचं विणकाम मात्र वीस वर्षं करते, त्यामुळे हात बारीक कामाला सरावलेला आहे.

माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. एक म्हणजे वीस-तीस नगांचं पाकीट, सोबत आरपार दिसणारं प्लास्टिकचं कुलूप, आणि हे स्वस्त आहे. दुसरा म्हणजे नावाजलेल्या कंपनीचा चार-पाच नगांचा छोटा संच. तो बराच महाग पडतो. पहिल्यात इतकं सगळं मिळत असताना दुसरा का घ्यावा, हे मला कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

पाचर (हांबुर्ग)

शेवंतीताई, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. उत्तर लांबेल, पण सविस्तरच लिहितो, कारण इथे चुकलं की लोक महिन्याभरात कंटाळून पाकीट कपाटात टाकतात.

आधी कुलूप ठरवा, मग हत्यार. आजोबांच्या ट्रंकेचं कुलूप बहुधा लीव्हरचं असणार. त्यावर '६ लीव्हर्स' किंवा '७ लीव्हर्स' असं ठोकलेलं आहे का बघा. आपल्याकडे घरोघरी दाराला जी जाड कुलपं लागतात, त्यातली बहुतेक याच जातीची. आत एकावर एक पातळ पट्ट्या, प्रत्येकीला स्प्रिंग, आणि किल्लीचा पंखा फिरला की प्रत्येक पट्टी आपापल्या उंचीला उचलली जाते. तुम्ही जे दोन संच बघताय, त्यातली एकही आकडी या कुलपाला चालणार नाही. चाचांनी आकडी न काढता कोरी चावी आणि कानस काढली, त्याचं कारण हेच.

बाजारात 'लॉकपिक' म्हणून जे मिळतं ते पिनांच्या कुलपांसाठी. लायनस येल धाकटा याने १८६१ आणि १८६५ साली त्याची पेटंटं घेतली आणि आजही दारांची कोट्यवधी कुलपं त्याच तत्त्वावर चालतात. एका पितळी गाभ्यात चार-पाच भोकं, प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना, वर स्प्रिंग. वरची पिन अर्धी गाभ्यात आणि अर्धी बाहेर, म्हणून गाभा फिरत नाही. बरोबर चावी घातली की दोन पिनांमधली फट गाभ्याच्या कडेशी येते आणि गाभा मोकळा होतो.

आता हा छंद शक्य का होतो, तर ती भोकं यंत्रावर पाडताना कधीच अगदी एका रेषेत येत नाहीत. केसभर पुढेमागे असतातच. गाभ्याला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, आधी एकच अडकते. ती शोधून योग्य उंचीला नेली की बोटाला बारीक 'टक्' जाणवतो, गाभा सुतापेक्षाही कमी सरकतो आणि मग दुसरी पिन अडकते. अशा एकेक करत सगळ्या. यात दोन हत्यारं लागतात: पिना उचलणारी आकडी, म्हणजे हूक, आणि पीळ देणारी पट्टी, म्हणजे टेन्शन रेंच.

तीस नगांच्या पाकिटात असतं काय? तीन-चार हूक, आणि बाकीचे नागमोडी रेक, चेंडूच्या आकाराचे, अर्ध्या चेंडूचे, हिऱ्याच्या आकाराचे असे बरेच. त्यातले बहुतेक तुम्ही एकदा हातात घेऊन ठेवून द्याल. मला हा छंद लागून अकरा वर्षं झाली आणि माझं बहुतेक काम आजही दोन हूकांवर चालतं. एक आखूड, एक मध्यम. तिसरा थोडा उंच, तो समोरच्या खोल पिनेच्या मागची पिन गाठायला.

स्वस्त पाकिटातल्या आकड्यांचं पोलाद मऊ असतं, टोक वाकतं, आणि कडा धारदार सोडलेल्या असतात. धारदार कड पिनेवर खरवडते. त्या खरवडीमुळे तो 'टक्' ऐकूच येत नाही, आणि नवशिक्या माणसाला वाटतं की आपल्याच हातात काही नाही. हे माझ्या डोळ्यांसमोर कितीतरी जणांचं झालं आहे. म्हणून मी लहान, चांगल्या संचाच्या बाजूने आहे. पीटरसन आणि साउथऑर्ड अमेरिकेतले, स्पॅरोज कॅनडातलं, मल्टिपिक इथलं जर्मनीचं. यातलं कोणतंही चालेल. नावापेक्षा जाडी बघा.

जाडीबद्दल थोडं लिहितो. अमेरिकी संचांची नेहमीची जाडी ०.०२५ इंच, म्हणजे साधारण ०.६ मिलिमीटर. तिथल्या कुलपांची खाच, म्हणजे चावी घालायची जागा, रुंद असते म्हणून ती चालते. युरोपातल्या सिलिंडरांची, म्हणजे दारात बसवतात त्या पिनांच्या सुट्या गाभ्यांची, खाच अरुंद आणि वळणावळणाची. तिथे ०.५ किंवा ०.४ लागते. नवशिक्याने ०.५ ची जाडी घ्यावी असं माझं मत आहे. ०.४ ची आकडी जोर पडला की वाकते, आणि सुरुवातीला जोर पडतोच.

रविवारपेठ (पुणे)

पाचर यांच्याशी सहमत. आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, तिसरी पिढी. इथे काय मिळतं ते सांगतो.

ताई, परदेशातले लोक शिकायला म्हणून ज्या कुलपांची नावं घेतात ती आपल्या गल्लीतल्या दुकानात सहसा दिसत नाहीत. त्यांच्यामागे लागू नका. दोन गोष्टी सहज मिळतील. पहिली म्हणजे पिनांचं पितळी कुलूप. ओळखायचं कसं? चावी सपाट असते आणि एका कडेला करवतीसारखे दाते असतात. दांड्याच्या टोकाला पंखा असलेली चावी दिसली की ते लीव्हरचं, बाजूला ठेवा. बॅगेला लावतात ती बोटाच्या पेराएवढी कुलपंही घेऊ नका. खाच इतकी लहान असते की रेंच घातला की आकडीला जागाच उरत नाही. ४० मिलिमीटर किंवा त्याहून मोठं घ्या.

दुसरी गोष्ट मी जास्त आग्रहाने सांगेन. फ्लॅटच्या दाराला जे मॉर्टिस लॉक बसवतात, त्याचा सिलिंडर सुटा मिळतो. '६० चा सिलिंडर द्या' म्हणा, म्हणजे ६० मिलिमीटर लांबीचा. त्यात पिनाच असतात. फक्त दात्यांच्या चावीचा मागा. हल्ली सपाट अंगावर खळगे पाडलेल्या चाव्यांचे सिलिंडर जास्त खपतात. ते डिंपल, त्यांची हत्यारं वेगळी आणि ते नवशिक्याचं काम नाही. सुटा सिलिंडर कोणत्याच दारावर नसतो, त्यामुळे काही बिघडलं तरी घर उघडं पडत नाही. टेबलाला लावायचा छोटा व्हाइस घ्या आणि त्यात धरा. एका हातात कुलूप धरून दुसऱ्या हाताने दोन हत्यारं सांभाळायची कसरत सुरुवातीलाच नको.

बोहरी आळीत हे सगळं एका फेरीत मिळेल. नाशकात तुम्हाला ठाऊक असलेल्या मोठ्या हार्डवेअरवाल्याकडेही मिळायला हरकत नाही. बुधवारी किंवा रविवारी पुण्यात येणं झालं तर जुन्या बाजारातही चक्कर मारा. चावी हरवलेली कुलपं तिथे ढिगाने असतात. चावी नाही म्हणून ती कोणाला नको असतात, आणि तुम्हाला मात्र तीच हवी आहेत!

गवळण

मला राहवत नाही म्हणून लिहिते. शेवंतीच्या हेतूबद्दल शंका नाही. पण हे उघडपणे लिहावं का? आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी दोन घरं फुटली. एका आजींचं सगळं गेलं. त्या अजून रात्री दिवा चालू ठेवून झोपतात. असं वाचून कोणी शिकलं तर?

थेम्सकाठ (लंडन)

गवळणताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे. हाच वाद इथे १८५१ साली जाहीरपणे झाला होता.

जोसेफ ब्रामा याने १७८४ साली एक कुलूप काढलं. १७९० पासून ते पिकॅडिलीतल्या त्याच्या दुकानाच्या खिडकीत ठेवलेलं असे. सोबत पाटी: हे उघडणारं हत्यार जो करून दाखवेल त्याला २०० गिनी. ब्रामा वारला तरी कुलूप तसंच बंद होतं. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा कुलूपवाला आला. त्याने आधी चब या कुलूप कंपनीचं प्रसिद्ध डिटेक्टर कुलूप उघडून दाखवलं. ते अर्ध्या तासाच्या आतच. मग ब्रामाचं मागितलं. सोळा दिवसांत मिळून ५१ तास तो बसला आणि ते उघडलं. बक्षीस त्याला मिळालं. ते कुलूप आता लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे.

लोक चिडले होते. असं जाहीर केल्याने चोरांना शिकवल्यासारखं होतं, हीच तक्रार होती. हॉब्जचं म्हणणं असं की चोर आपल्या धंद्यात आधीच तरबेज असतात, अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा. मला ते पटतं. त्यानंतर कुलपं सुधारली, कारण दुबळेपणा लपवून ठेवणं कारखानदारांना परवडेना.

आणि आपल्या मराठी वर्तमानपत्रात घरफोडीची बातमी कशी येते ते आठवा: 'बंद घराचा कडीकोयंडा उचकटून'. कुलूप तसंच लोंबकळत असतं. कटावणीने जे दोन मिनिटांत होतं त्यासाठी कोणी तीन महिने बोटांना वळण लावत बसत नाही. तुमच्या सोसायटीत काय झालं होतं? कुलूप उघडलं होतं का?

गवळण

नाही. कोयंडाच उपटला होता. स्क्रू अगदी लहान होते, सुताराने नंतर दाखवले. तुमचं म्हणणं लक्षात आलं. तरीही मुलांच्या हाती जाईल असं ठेवू नका, एवढी विनंती.

साक्षीपुरावा (छत्रपती संभाजीनगर)

वकिली करतो म्हणून कायद्याचा मुद्दा मांडतो. तो लहान नाही.

आपल्या घरात, आपल्या मालकीच्या कुलपावर सराव करणं हा गुन्हा नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम १२२ वाचून ठेवा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन एखाद्याजवळ सापडलं आणि त्याला कायदेशीर सबब देता आली नाही, तर शिक्षा होऊ शकते. महत्त्वाचं म्हणजे, सबब होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच असते. एरवी फौजदारी खटल्यात सिद्ध करायचं ओझं सरकारी पक्षावर असतं, इथे ते तुमच्यावर येतं. म्हणून संच घराबाहेर नेऊच नका. पर्समध्ये, गाडीच्या डिकीत, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको. मित्रमंडळींना दाखवायचा असेल तर त्यांना घरी बोलवा.

शेजाऱ्यांची चावी आत राहिली म्हणून मदतीला धावायचा मोहही टाळा. चावीवाला बोलवा, त्याचा तो व्यवसाय आहे आणि त्याला लोक ओळखतात.

थेम्सकाठ (लंडन)

इंग्लंडातही जवळपास तसंच. १९६८ च्या चोरीच्या कायद्यातलं कलम २५: चोरीसाठी वापरायचं साधन घराबाहेर जवळ बाळगणं हा गुन्हा. हेतूचा प्रश्न येतो, पण तो पोलिसांसमोर रस्त्यात उभं राहून मांडायची वेळ का आणावी?

निशिगंध (टोकियो)

जपानात राहणाऱ्या मराठी लोकांसाठी एक ओळ, कारण सुट्टीला घरी आलेलं कोणी हे वाचून इकडे संच घेऊन येईल. इथे २००३ पासून वेगळा कायदा आहे. व्यवसाय किंवा तसंच योग्य कारण नसेल तर कुलूप उघडायची खास साधनं नुसती बाळगण्यावरही बंदी आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड. छंद हे कारण चालत नाही. माझा हा छंद मी पुण्याच्या घरी ठेवून आले आहे. वर्षातून तीन आठवडे तो तिथेच भेटतो.

फीलरगेज (कोल्हापूर)

राम राम मंडळी. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. ताई, तुम्ही दोन्ही संच घेऊ नका असं मी म्हणणार आहे. निदान सगळं विकत घेऊ नका.

हातकरवतीचं बारा इंची पातं असतं बघा, त्याची जाडी ०.०२५ इंच. वर पाचरदादांनी अमेरिकी आकडीची जी जाडी सांगितली, तंतोतंत तीच. पण मला त्याहून बरं वाटतं ते फीलर गेजचं पान. गाडीचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतो तो. प्रत्येक पानावर जाडी छापलेली असते. ०.५० चं पान घ्या, कागदावर हूकचा आकार काढा, तो पानावर चिकटवा आणि कानशीने सावकाश आणा. ग्राइंडर असेल तर त्यावर, पण दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवायचं. पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं समजा. मग ते टोक कुलपात वाकणारच. करवतीचं पातं वापरणार असाल तर साधं कार्बन स्टीलचं घ्या. हाय स्पीडचं संपूर्ण कडक पातं काचेसारखं तुटतं. चष्मा घातल्याशिवाय ग्राइंडरला हात लावायचा नाही, हे मी माझ्या पोरांनाही रोज सांगतो.

शेवटी चारशे, मग आठशे, मग हजार नंबरचा पॉलिश पेपर. सगळ्या कडा गोल. अंगठ्यावरून ओढली तर रेशमासारखी गेली पाहिजे. याला घाई करू नका, इथेच सगळं आहे.

रेंचसाठी गॅरेजवाल्याकडून वायपरचं जुनं ब्लेड मागा. तो आनंदाने देईल, कचराच तो. रबराच्या आत स्टेनलेसच्या दोन पट्ट्या असतात. व्हाइसमध्ये धरून काटकोनात वाकवा, टोक खाचेत बसेल एवढं कानशीने कमी करा. मी आठ-दहा केले आहेत आणि विकतच्यापेक्षा तेच जास्त वापरतो.

वर ब्रामाच्या कुलपाचा विषय निघाला म्हणून सांगतो. ते खिडकीतलं कुलूप ज्याच्या हातचं, तो हेन्री मॉडस्ले. तेव्हा ब्रामाकडे कामाला असलेला विशीच्या आतला पोरगा. पुढे याच माणसाने आटे कापायच्या लेथला नीट रूप दिलं. आज माझ्या शेडमध्ये जो लेथ चालतो त्याचा तो पणजोबाच म्हणायचा. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

शेवंती (नाशिक)

तुम्ही सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंत! वही काढून टिपणं घेतली. ट्रंकेचं कुलूप पाहिलं. '७ लीव्हर्स' असं खरंच ठोकलेलं आहे. म्हणजे ज्या कुलपामुळे हे सुरू झालं तेच या छंदात बसत नाही. ते मी आता तेल देऊन फडताळात ठेवलं आहे, चाचांनी घडवलेल्या चावीसकट.

दोन शंका. आरपार दिसणारं कुलूप अजिबातच घेऊ नये का? आणि रेक म्हणजे नागमोडी आकडी घातली की कुलूप पटकन उघडतं असं दिसतं, मग हूकनेच का शिकायचं?

पाचर (हांबुर्ग)

आरपार कुलूप पहिल्या संध्याकाळपुरतं छान. पिन कशी अडकते, फट कुठे येते हे डोळ्यांनी दिसतं. पण त्याची भोकं इतकी सैल असतात की ते कसंही उघडतं, आणि बघत बघत उघडायची सवय लागते. खऱ्या कुलपात दिसत काहीच नाही. दुसऱ्या दिवसापासून ते मुलांना समजवायला ठेवा.

रेकने उघडलं तर ते का उघडलं हे तुम्हाला कळत नाही. पुढच्या वेळी नाही उघडलं तर का नाही, हेही कळत नाही. आनंद मिळतो पण हातात काही उरत नाही. एक रेक जवळ असावा, आठवड्याने एकदा खेळावं. बाकीचा वेळ हूक.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आकड्यांबद्दल सगळे विचारतात, रेंचबद्दल कोणीच विचारत नाही. पिना शोधते ती आकडी, पण कुलूप तुमच्याशी बोलतं ते रेंचमधून. गाभा सरकला, अडला, उलट आला, हे सगळं पिळणाऱ्या बोटाला कळतं. रेंच दोन तऱ्हेचे असतात. एक खाचेत पिनांच्या विरुद्ध बाजूला बसतो. दुसरा चपटा, खाचेच्या तोंडाशी पिनांच्याच बाजूला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर आत जातो. दुसऱ्यामुळे आकडीला पूर्ण खाच मोकळी मिळते. खाच अरुंद असेल तर तोच हवा. स्वस्त पाकिटात हा बहुधा नसतो, आणि चांगल्या संचातही कधीकधी एकच जाडी देतात. दोन-तीन जाड्यांचे जवळ ठेवा. पट्टी खाचेत डुगडुगली तर काही कळत नाही. फीलरगेज यांचा वायपरचा सल्ला म्हणूनच सोन्यासारखा आहे.

जोर किती? नवा माणूस हमखास जास्त लावतो. ओल्या बोटाने पुस्तकाचं पान उलटताना जेवढा लागतो तेवढ्याने सुरू करा.

आणखी दोन नियम, जगभर सगळे पाळतात. जे कुलूप आपलं नाही त्याला हात लावायचा नाही. आणि जे वापरात आहे त्यालाही लावायचा नाही, ते स्वतःचं असलं तरी. दुसरा नियम मी पहिल्या वर्षी मोडला होता. आकडीचं टोक घराच्या दाराच्या सिलिंडरमध्ये तुटलं, शनिवारी रात्री, बाहेर उणे सहा तापमान आणि घरी तीन महिन्यांचं बाळ. बायको बाळाला घेऊन शेजाऱ्यांकडे बसली. ती रात्र मी विसरलेलो नाही.

इथे १९९७ पासून कुलूप उघडणाऱ्या हौशी लोकांची नोंदणीकृत संघटना आहे, तिची सुरुवात याच शहरात झाली. तिथे मला एका निवृत्त शिक्षिकेने शिकवलं. त्या पहिल्या दिवशी सिलिंडरमधल्या सगळ्या पिना काढून फक्त एकच ठेवायच्या. ती उघडता आली की दोन, मग तीन. तुम्हीही तसंच करा.

रविवारपेठ (पुणे)

पिना कमी करणं चावीवाल्याला सांगा, तो पाच मिनिटांत करून देईल. स्वतः केलंत तर खाली पांढरा टॉवेल पसरा. त्या स्प्रिंग उडाल्या की मिळत नाहीत.

शेवंती (नाशिक)

पाच आठवड्यांनी लिहिते आहे.

शेवटी असं केलं: ०.५ जाडीचे तीन हूक सुटे मागवले, संच घेतलाच नाही. रेंच गॅरेजमधून आणलेल्या वायपरच्या पट्टीचे, माझ्या भावाने वाकवून दिले, तीन जाड्यांचे. कडा मी स्वतः घासल्या, दोन संध्याकाळी. ४० चं पितळी कुलूप आणि ६० चा सिलिंडर. पिना काढून द्यायला त्याच चाचांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. आधी ते गंभीर झाले, कशासाठी हवंय म्हणून तीनदा विचारलं. मग स्टुलावर बसवून घेतलं आणि पिना चिमट्याने एकेक काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी पुढच्या वेळी जाताना त्यांच्यासाठी डिंकाचे लाडू नेले.

एक पिन पहिल्याच रात्री. तीन पिनांना नऊ दिवस लागले. पितळी कुलूप पूर्ण पिनांसह बाराव्या दिवशी उघडलं. क्रोशाचा खूप उपयोग होतो. सुई घट्ट धरली की टाका आवळतो, इथेही तसंच, हात सैल सोडला की पिना कळायला लागतात.

आता सिलिंडरवर अडले आहे. चार पिना बसतात, गाभा चांगला दिसण्याइतका फिरतो, मला वाटतं उघडलं, आणि तिथेच थांबतो. मग एक पिन दाबली की रेंच माझ्या बोटावर उलट ढकलला जातो. मी घाबरून सोडून देते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे काय आहे? काही मोडलंय का?

पाचर (हांबुर्ग)

ताई, काही मोडलेलं नाही. तुम्ही मोठा टप्पा गाठला आहे.

त्या सिलिंडरमध्ये एखादी वरची पिन दोऱ्याच्या रिळासारखी आहे, मधे बारीक आणि दोन्ही टोकांना जाड. तिला स्पूल म्हणतात. तिचा बारीक भाग गाभ्याच्या कडेशी आला की गाभा थोडा जास्त फिरतो आणि उघडल्याचा भास होतो. तुमच्यासारख्यांना फसवायलाच ती घातलेली असते. आता ती खरी बसायची तर गाभ्याला थोडं मागे यावंच लागतं. बोटावर जो उलटा धक्का जाणवला तो हाच, आणि जिच्यावर तो जाणवला तीच तुमची स्पूल. तो धक्का अडवू नका. पीळ सोडायचा नाही, फक्त सैल होऊ द्यायचा, आणि पिन वर नेत राहायचं. कधीकधी मागे येताना आधी बसलेली एखादी पिन खाली पडते. पडू द्या, ती पुन्हा बसवता येते.

कोणत्या क्रमांकाची पिन उलटी ढकलते ते लक्षात आहे का?

शेवंती (नाशिक)

बाहेरून चौथी, दर वेळी तीच.

मग आज बाकीच्या सगळ्या काढून ती एकटीच ठेवते. पांढरा टॉवेल पसरला आहे.